जुनं ऑपरेशन डॉक्टरांपासून लपवू नका

दुपारची कामं आटोपली असतील, कुणी निवडायला घेऊन बसल्या असाल. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आजचा विषय जरा अवघड आहे. तो आमच्या गटातल्या एका वहिनींनी मला शिकवला. त्यांचं नाव मी सांगणार नाही. "माझी गोष्ट सांग, नाव नको सांगू," असं त्यांनीच सांगितलं आहे.

या वहिनी गटाच्या मीटिंगला आल्या की चहा कधी घटाघटा घेत नसत. बशीत ओतून एकेक घोट घ्यायच्या. सगळ्यांचा संपला तरी यांचा अर्धा उरलेला. हळदीकुंकवाला, लग्नकार्याला गेल्या तर पंगतीत बसायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं, जरा नखरा आहे. तसं कुणी कुणी तोंडावर बोलूनही दाखवलं. त्या हसून गप्प बसायच्या. पदर कायम गळ्याभोवती घट्ट.

दोन वर्षांपूर्वी वहिनींना खोकला लागला. आधी रात्री आडवं झालं की यायचा, मग दिवसाही. नंतर दम लागायला लागला. हंडा उचलला की थांबायच्या. रात्री भिंतीला टेकून बसून झोपायच्या. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. दुसऱ्यांनी दम्याचा पंप दिला. आशाताईंनी थुंकी तपासायला नेली, त्यात टीबी निघाला नाही. तरी गावात कुजबुज सुरूच. पाणी भरायला गेल्या की दोघी-तिघी बाजूला सरकायच्या.

शेवटी मी त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. छाती तपासताना त्यांनी पदर बाजूला केला आणि विचारलं, "हा मानेवरचा व्रण कसला?"

वहिनी म्हणाल्या, "गळू झालं होतं. लहानपणी."

"आणि पोटावरचा?"

वहिनी बोलेनात. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, "बाई, दोन मिनिटं देता?" आणि वहिनींना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. तिथल्या बाकावर बसून सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली.

तेव्हा वहिनी चोवीस वर्षांच्या. पदरात दीड वर्षाची मुलगी. ज्वारीच्या काढणीचे दिवस. संध्याकाळी शेतातून आल्या, घशाला कोरड, घरात लाइट नाही. ओट्यावर थंड पेयाची बाटली दिसली. पाणी समजून तोंडाला लावली आणि एक घोट घेतला. ते पाणी नव्हतं. घरी साबण करण्यासाठी कुणीतरी कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून त्या बाटलीत भरून ठेवला होता. त्याला रंग नाही, वास नाही. तोंडात आग झाली तेव्हा कळलं, पण घोट खाली गेला होता. घरच्यांनी घाबरून मिठाचं पाणी पाजलं आणि उलटी करवली. जे एकदा जाळत खाली गेलं, ते दुसऱ्यांदा जाळत वर आलं.

आता हे शरीरात कुठे घडलं, ते समजून घेऊ. आपण घास गिळतो तो घशातून पोटात एका नळीतून जातो. तिला अन्ननलिका म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त लांब असते. ती श्वासनलिकेच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे असते. कॉस्टिक सोडा त्या नळीचं अस्तर खोलवर जाळतो. जखम भरताना जागा आवळत जाते, भाजलेल्या हाताची कातडी आकसते ना, तशी. वहिनींना पहिले काही दिवस बरं वाटलं. मग तीन-चार आठवड्यांनी भाकरी अडकायला लागली. पुढे भात अडकला, पुढे दूध, आणि शेवटी स्वतःची थुंकीही गिळता येईना. डॉक्टर दुर्बीण घालून नळी रुंद करायचे, पंधरा दिवसांत ती पुन्हा आवळायची. वर्षभर पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न देऊन त्यांना जगवलं. मग ऑपरेशन झालं.

त्या ऑपरेशनला बायपास म्हणतात. आपल्या शेतातली पाइपलाइन आठवा. विहिरीपासून रानापर्यंत टाकलेली जुनी लाइन आतून बुजली, तर ती उकरून काढणं फार अवघड असतं. मग आपण शेजारून नवी लाइन टाकतो आणि जुनी जमिनीतच राहू देतो. शरीरातही तसंच करतात. मोठ्या आतड्याचा एक तुकडा, त्याचा रक्तपुरवठा तसाच ठेवून, वर मानेपर्यंत ओढून घेतात आणि वरच्या चांगल्या नळीला जोडतात. काहींमध्ये आतड्याऐवजी जठरच वर ओढतात. ही नवी वाट बऱ्याचदा छातीच्या मधल्या हाडामागून नेतात. जर्मनीतले शल्यविशारद मार्टिन किर्शनर यांनी १९२० मध्ये जठर असं वर नेऊन बायपास करण्याची पद्धत मांडली. म्हणजे हे शंभर वर्षांचं जुनं शास्त्र आहे. त्यानं कितीतरी जणांच्या तोंडाला पुन्हा घास लागला आहे. वहिनीही त्यातल्याच.

जुनी जळालेली नळी काही जणांमध्ये काढून टाकतात. पण ती आजूबाजूला फार चिकटलेली असेल, तर काढताना धोका असतो, म्हणून आतच ठेवतात. वहिनींची आतच ठेवली होती आणि तिची दोन्ही तोंडं बंद केलेली होती. आणि इथे पाइपलाइन आणि शरीर यांत फरक पडतो. प्लास्टिकचा पाइप निर्जीव असतो. आपली नळी जिवंत असते. तिच्या आतलं अस्तर थोडा थोडा बुळबुळीत स्राव सोडत राहतं. बहुतेकांमध्ये ते अस्तर हळूहळू सुकतं आणि काही त्रास होत नाही. पण क्वचित कुणाच्या बंद नळीत तो स्राव साठत जातो, नळी पिशवीसारखी फुगते आणि पुढच्या श्वासनलिकेला दाबते. मग खोकला येतो, दम लागतो, छातीत दुखतं. आडवं झालं की जास्त.

वहिनींचं हेच झालं होतं. सतरा वर्षांनी.

हे सगळं त्यांनी कुणाला का सांगितलं नाही, हे मी त्या बाकावर विचारलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा गाव म्हणालं, मुद्दाम प्यायली. सासरी पटत नव्हतं म्हणून प्यायली. माहेरच्यांनी पण तेच विचारलं. आता मुलगी बारावीला आहे, घरात स्थळांच्या गोष्टी चालल्यात. पुन्हा तो विषय निघाला, तर तिच्या आईचं नाव काय निघेल?"

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचलं नाही. मी फक्त म्हटलं, "वहिनी, मुलीला आई पाहिजे ना?" मग त्या उठल्या आणि आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एकही वेडावाकडा प्रश्न विचारला नाही. त्यांनी सीटी स्कॅन सांगितला. त्यात फुगलेली जुनी नळी स्पष्ट दिसली. "हे आधी कळलं असतं, तर चार महिने पंप ओढायला लागला नसता," एवढंच त्या म्हणाल्या. वहिनींच्या घरी पत्र्याच्या पेटीत, जुन्या रेशनकार्डाखाली, पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड होतं. घडीवर फाटलेलं. पण कुठलं आतडं, कुठून नेलं, जुनी नळी ठेवली की काढली, सगळं त्यात लिहिलेलं. शल्यविशारदांना त्याचा फार उपयोग झाला. ऑपरेशन करून ती फुगलेली नळी काढली. गटानं अंतर्गत कर्ज दिलं, दोघी-दोघींनी पाळीनं डबा नेला. आज वहिनी आडव्या होऊन झोपतात.

असं ऑपरेशन झालेलं कुणी तुमच्या घरात, भावकीत, गटात असेल, तर पुढच्या गोष्टी त्यांना सांगा. घाबरवायला नाही. यातलं काही क्वचितच होतं, पण झालं तर ओळखता आलं पाहिजे.

एक. मानेतल्या जोडाची जागा आवळू शकते. घास पुन्हा अडकायला लागतो. हे त्यातल्या त्यात जास्त वेळा दिसतं आणि दुर्बिणीतून जागा रुंद करून बरं होतं. पाण्यावर राहून दिवस काढू नका, लवकर दाखवा.

दोन. आतड्याचा तुकडा बसवला असेल, तर तो काही वर्षांनी सैल पडून लांबतो, त्याला वळणं पडतात. अन्न तिथेच साठतं. खाल्लेलं तोंडात परत येतं, तोंडाला वास येतो, छाती जड होते. त्रास फार असेल, तर ते ऑपरेशननं नीट करतात.

तीन. रात्री झोपेत अन्न किंवा पाणी वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यातून पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. वारंवार ताप आणि खोकला आला, तर "हवा बदलली" म्हणून सोडून देऊ नका.

चार. जुनी नळी आत असेल, तर ती फुगू शकते. हे वहिनींच्या गोष्टीत ऐकलंच.

पाच. कॉस्टिकनं जळालेल्या अन्ननलिकेत पुढे कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तो लगेच होत नाही, कित्येकदा वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतो. बायपास न करता नुसती नळी रुंद करून घेतलेल्यांनाही हा धोका असतो. इतकी वर्षं नीट गिळता येत होतं आणि आता अडकायला लागलं, वजन उतरलं, छातीत सतत दुखतं, उलटीत रक्त दिसलं, तर जुनंच दुखणं म्हणून अंगावर काढू नका.

सहा. पोटावर कुठलंही मोठं ऑपरेशन झालं, की आतडी एकमेकांना चिकटू शकतात. पोट फुगलं, मुरडून दुखलं, उलट्या झाल्या आणि शौचाला किंवा वाराही सुटेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओवा-हिंग करत रात्र काढू नका.

आणि एक गोष्ट नातेवाइकांसाठी. अशा माणसाच्या छातीच्या हाडामागून अन्नाची नवी वाट गेलेली असू शकते. त्यामुळे कुठलंही ऑपरेशन असो, दुर्बिणीची तपासणी असो, नाकातून नळी घालायची असो, आधी डॉक्टरांना हे सांगायलाच पाहिजे. माणूस बेशुद्ध असेल, तर कोण सांगणार? म्हणून आम्ही वहिनींना एक कागद करून दिला. कोणत्या वर्षी कोणतं ऑपरेशन झालं, काय जोडलं, काय काढलं, कोणती औषधं चालू आहेत. तो प्लास्टिकमध्ये घालून आधारकार्डाबरोबर ठेवला आहे. एक प्रत मुलीकडे आहे, एक मोबाइलमध्ये फोटो काढून.

आता रोजचं सांभाळणं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. बारीक चावून, सावकाश. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. वहिनींनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या आहेत. काहींना गोड खाल्ल्यावर धडधड होते, घाम फुटतो, जुलाब होतात. त्यांनी गोड कमी खावं आणि जेवताना फार पाणी पिऊ नये. जठर वर ओढलेलं असेल, तर रक्त आणि बी बारा जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्यानं तपासून घ्यावं. आणि आपण काय करायचं? पंगतीत त्यांना घाई करायची नाही. "एवढंसंच खाल्लं?" असं म्हणायचं नाही. मी स्वतः म्हणत होते, म्हणून सांगते.

खर्चाची भीती सगळ्यांनाच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपला आजार योजनेत बसतो का, कोणते कागद लागतात, हे ऑपरेशनच्या आधी त्याला विचारा.

आता मुळाकडे येऊ. आपल्यातले कितीतरी गट साबण करतात. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही घरोघरी हा सोडा असायचा आणि लहान मुलं तो खाऊन-पिऊन गळ्यानं अधू व्हायची. शेव्हलिअर जॅक्सन नावाचे घशाचे डॉक्टर अशा मुलांवर उपचार करत. त्यांच्या लक्षात आलं, की मुलं येतच राहणार, कारण डब्यावर काही लिहिलेलंच नसतं. ते वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले. १९२७ मध्ये तिथे कायदा झाला आणि अशा डब्यांवर विष असल्याची खूण आणि उपाय छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. दुकानदारानं नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्यांना विकायचं नाही. पण आपल्या ओट्यावरची बाटली कोण तपासणार? ती आपणच.

म्हणून आमच्या गटानं चार नियम केले. कॉस्टिक आणि अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधी भरायचं नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात "विष" लिहायचं आणि वाचता न येणाऱ्यांसाठी कवटीचं चित्र काढायचं. डबा कुलपात, चावी एकीकडे. आणि उरलेलं मिश्रण घरी न्यायचं नाही. हे नियम वहिनींनीच सुचवले. कारण आम्ही साबण सुरू केला तेव्हा त्याच सगळ्यात मागे बसायच्या, आणि का ते आम्हाला माहीत नव्हतं.

तरीही कुणी चुकून प्यायलंच, तर काय करायचं? उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी नाही, लिंबू नाही, सोडा नाही. तोंड पाण्यानं खळखळून धुवायचं आणि थुंकायचं. अंगावर सांडलं असेल, तर कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवायचं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही खायला-प्यायला द्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि ती बाटली बरोबर न्यायची. तोंडात काही दिसलं नाही तरी न्यायचं, कारण आतली जखम बाहेरून दिसत नाही.

शेवटचं एक. ऐकणाऱ्यांत अशीही कुणी असेल, जिनं ते चुकून नाही, मुद्दाम घेतलं होतं. तिला मी एवढंच म्हणेन, की डॉक्टरांना काय प्यायलं आणि कोणतं ऑपरेशन झालं हे सांगायचंच आहे. का, हे गावाला सांगायचं बंधन तुझ्यावर नाही. आणि आज पुन्हा तसा विचार मनात येत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन कर. फोन फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. आणि बाकीच्या आपण सगळ्या जणी, अशी कुणी बाई समोर आली तर "का प्यायली?" हे विचारणं आपण बंद करू या. त्या एका प्रश्नानं वहिनींनी सतरा वर्षं गळ्याभोवती पदर धरला आणि डॉक्टरांसमोरही सोडला नाही.

येत्या मीटिंगला हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. घरातल्या बाटल्यांचं विचारा. जुन्या ऑपरेशनचे कागद कुणाकडे आहेत, कुणाकडे नाहीत, ते विचारा. नसतील, तर दवाखान्यातून नक्कल मागायला तिच्याबरोबर एकीनं जा.

वहिनी आज माझ्याबरोबर आल्या आहेत. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसून ऐकतायत. समोर चहा आहे, अजून अर्धा शिल्लक आहे. आम्हाला घाई नाही. त्यांचा चहा झाला की आम्ही गावी निघू.